अल्झायमर : ज्याचे नाव रोगाला मिळाले

आपल्याकडील कित्येक जुन्या मराठी घरांच्या लेकी सौसर-पांढुर्ण्याकडे दिलेल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचा तो मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालचा. पुढे तो मध्यप्रांतात गेला, मग मध्यप्रदेशात राहिला, आणि २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौसर त्यातच आले. राज्याची भाषा हिंदी असली तरी ओसरीवरची भाषा मराठीच आहे. संत्र्याच्या बागा, कपाशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार, हे सारे आपल्या वाचकांना सोयरिकीमुळे ठाऊक आहे. माझी मावशी सौसरची. तिच्या घरी जे घडले त्यामुळेच हे चरित्र लिहावयास घेतले आहे, म्हणून आधी ते थोडक्यात सांगतो.

मावशीने सत्तरी ओलांडली आणि तिला काकांचा संशय येऊ लागला. काकांचे वय ७६, गुडघे दुखरे, बागेपर्यंत जायचे तर काठी हवी. तरीही शेजारच्या विधवा बाईंशी त्यांचे काही आहे असे मावशीच्या मनाने घेतले. त्या वेळी तिचे स्मरण अगदी शाबूत होते. कोणाच्या लग्नात कोणी कोणता आहेर केला हे ती सालासकट सांगे. त्यामुळे हा रोग आहे असे कोणाच्या ध्यानातही आले नाही. सुना पदराआड हसल्या, मुलगा ओशाळला, आणि जाऊबाईंनी मूळचा स्वभाव आता बाहेर पडला असा निर्वाळा दिला. दोन-तीन शनिवार जामसावळीच्या मारुतीला नेऊन झाले. दीड-दोन वर्षांनी ती दूध कोठे ठेवले ते विसरू लागली, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागली, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी विसरण्याचे विचारण्याआधी हेच विचारले, की यांचा स्वभाव केव्हापासून बदलला. काकांनी मान खाली घातली. लग्नाला पन्नास वर्षे झाल्यावर जो डाग त्यांना आणि मावशीला, दोघांनाही लागला होता, तो रोगाचा होता हे त्यांना त्या दिवशी कळले.

डॉक्टरांनी जो रोग सांगितला त्याचे नाव आता खेड्यापाड्यांतही उच्चारले जाते. पण ते एका माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाने पाहिलेल्या पहिल्या रोगिणीचेही पहिले लक्षण नवऱ्याविषयीचा मत्सर हेच होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

अलोइस अल्झायमर याचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरियात, माइन नदीच्या काठच्या मार्क्टब्राइट या लहान गावी झाला. वडील एडुआर्ड हे नोटरी, म्हणजे दस्तऐवज करून देणारे सरकारमान्य गृहस्थ. त्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा त्यांनी तिच्याच बहिणीशी, थेरेसिया हिच्याशी विवाह केला; अलोइस हा या दुसऱ्या विवाहाचा मुलगा. मेव्हणीशी लग्न करून घरातली पोरे घरातच राखण्याची ही रीत आपल्याकडे होती तशी तिकडेही होती म्हणावयाची. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्गला गेले. तेथली शाळा संपवून अलोइसने बर्लिन, वुर्झबुर्ग आणि ट्युबिंगेन येथे वैद्यकाचा अभ्यास केला. विद्यार्थीदशेत तो उंचापुरा, हसरा आणि तलवारबाजीचा शौकीन होता. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांत द्वंद्व खेळण्याची प्रथा असे. तिच्यातली एक खूण डाव्या गालावर घेऊन तो आयुष्यभर वावरला.

१८८७ साली त्याने डॉक्टरकीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता कानात मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथी. मेंदूच्या रोगाला ज्याचे नाव मिळायचे तो कानाच्या मळापासून निघाला, हे वाचून गाणे शिकवणाऱ्या माणसाला हसू आल्यावाचून राहत नाही. पण हसण्यासारखे त्यात काही नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. ऐकू कमी येणे हे पुढे स्मृतिभ्रंश होण्याच्या टाळता येण्यासारख्या मोठ्या कारणांपैकी एक आहे असे २०१७ पासून लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने वारंवार मांडले आहे. म्हातारे माणूस हाकेला ओ देत नाही म्हणून त्याच्यावर चिडण्याआधी त्याचे कान एकदा तपासून घ्यावेत. असो.

डिसेंबर १८८८ मध्ये अल्झायमर फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात साहाय्यक म्हणून रुजू झाला. ही गॉथिक धाटणीची भव्य इमारत त्याच्या जन्मसालीच, १८६४ मध्ये उघडली होती, आणि ती उभारण्याची खटपट हाइन्रिख हॉफमन या डॉक्टराने केली होती. हॉफमन हा जर्मन मुलांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या एका चित्रमय पुस्तकाचा कर्ता. गावकरी त्या इमारतीला वेड्यांचा वाडा म्हणत. अल्झायमर आला तेव्हा एमिल सिओली हा तेथे मुख्य होता. रोग्यांना बांधून ठेवू नये, कोंडू नये, त्यांच्याशी बोलावे, फार क्षुब्ध झाले तर कोमट पाण्याच्या टबात तासन् तास बसवावे, असा सिओलीचा आग्रह. अल्झायमरने तो मनापासून उचलला. दिवसभर वॉर्डात रोग्यांच्या उशाशी बसून प्रश्न विचारायचे आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यायची, रात्री सूक्ष्मदर्शकाशी बसायचे, असा त्याचा नेम झाला. काही महिन्यांतच फ्रान्झ निस्ल नावाचा दुसरा तरुण डॉक्टर तेथे आला. मज्जापेशी स्पष्ट दिसाव्यात म्हणून मेंदूच्या कापांना रंग देण्याची रीत निस्लने शोधली होती. ती आजही त्याच्या नावाने चालते. दोघांची जन्मभराची मैत्री जमली. एकाने रंगवायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, अशी ती संगत होती.

१८९४ साली अल्झायमरने सेसिली गायझेनहायमर या धनाढ्य विधवेशी लग्न केले. तिचा पहिला पती हिऱ्यांचा व्यापारी होता आणि त्याच्याच आजारपणाच्या निमित्ताने या दोघांची ओळख झाली होती. १८९५ मध्ये गेरट्रूड, १८९६ मध्ये हान्स आणि १९०० मध्ये मारिया अशी तीन मुले झाली. सुखाचा संसार जेमतेम सात वर्षांचा ठरला. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली वारली. धाकटी मुलगी तेव्हा अंगावरची. अल्झायमरची अविवाहित बहीण एलिझाबेथ घर सांभाळावयास आली आणि तो स्वतः पूर्वीपेक्षाही अधिक वेळ इस्पितळात घालवू लागला.

त्याच वर्षाच्या वसंतात, त्याच फ्रँकफुर्टमध्ये, कार्ल डेटर नावाच्या रेल्वेतल्या कारकुनाच्या घरी एक विलक्षण गोष्ट घडत होती. त्याची पत्नी ऑगुस्टे, वय ५०, संसारात दक्ष, अबोल आणि कष्टाळू बाई. ती एकाएकी म्हणू लागली, की नवरा शेजारणीबरोबर फिरावयास जातो. घरात भांडण कधी नव्हते, ते होऊ लागले. त्यानंतर तिचे स्मरण ढळले. स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू भलत्या ठिकाणी लपवल्या जाऊ लागल्या, ती घरभर उगाच येरझारा घालू लागली, ओळखीच्यांच्या दारांच्या घंटा वाजवू लागली, आणि कोणी आपल्याला मारावयास टपले आहे असे तिला वाटू लागले. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी तिला वेड्यांच्या वाड्यात दाखल केले. दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्यापाशी जाऊन बसला.

त्या दिवसापासूनचे प्रश्नोत्तरांचे कागद आज उपलब्ध आहेत. ती फुलकोबी आणि डुकराचे मांस जेवत होती. काय खाता असे विचारल्यावर तिने पालक सांगितला. नवऱ्याचे नाव विचारले तर स्वतःचेच नाव सांगितले. नाव लिहावयास दिले तर सौभाग्यवतीचे उपपद लिहून पुढचे विसरली. पण मला या कागदांतले दुसरेच काही थांबवते. कधी ती अल्झायमरला घरी आलेला पाहुणा समजे आणि घरकाम आटोपले नाही म्हणून क्षमा मागे. कधी तो आपल्याला कापणार म्हणून किंचाळे. कधी आपल्या अब्रूवर घाला घालावयास आला आहे असे समजून त्याला संतापाने हाकलून देई. स्मरण गेले, पण पाहुण्याला नीट बसवावे ही रीत शिल्लक होती आणि अब्रूचा धाकही शिल्लक होता. हे सारे त्याने टिपून ठेवले. त्या काळच्या वैद्यांना रोगी काय विसरला याची मोजदाद पुरेशी वाटे; याने रोग्याला कशाची भीती वाटते आणि कशाची लाज वाटते हेही लिहिले. आणि पुढे जेव्हा हा वृत्तान्त छापला, तेव्हा रोगाचे पहिले लक्षण म्हणून विस्मरण न लिहिता मत्सर लिहिला. एवढ्या एका नोंदीसाठी त्याला थोर म्हणावे असे मला वाटते.

१९०३ साली अल्झायमरने फ्रँकफुर्ट सोडले. एमिल क्रेपेलिन या त्या काळच्या सर्वांत नामांकित मनोविकारतज्ज्ञाने त्याला हायडेलबर्गला बोलावले आणि त्याच वर्षी दोघे म्युनिकला गेले. म्युनिकच्या प्रयोगशाळेत अल्झायमरला सुरुवातीला पगार नव्हता. पत्नीच्या संपत्तीवर त्याचे घर चालत होते आणि प्रयोगशाळेचा काही खर्चही तो पदरचाच करी. जगभरचे शिष्य तेथे जमले: इटलीहून पेरुसिनी आणि बोनफिल्यो, अमेरिकेहून सॉलोमन फुलर, जो त्या देशातल्या पहिल्या कृष्णवर्णी मनोविकारतज्ज्ञांपैकी एक. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ बसून, नाकावरचा चष्मा काढून, तो भिंगातून पाहावयास लावी. हातातली सिगार टेबलावर ठेवी आणि समजावून सांगण्याच्या भरात तिला विसरून पुढच्या विद्यार्थ्याकडे जाई. दिवस मावळताना प्रत्येक सूक्ष्मदर्शकाशेजारी एकेक सिगारेचे थोटूक पडलेले असे, अशी त्याच्या शिष्यांची आठवण आहे. शिकवण्याची ही तऱ्हा मला ओळखीची वाटते. चांगल्या उस्तादाचाही चहा निवलेलाच असतो.

फ्रँकफुर्टमधल्या त्या बाईला मात्र तो विसरला नाही. इस्पितळाचा खर्च कारकुनाला जड जात होता आणि पत्नीला स्वस्त ठिकाणी हलवावे असा त्याचा विचार होता. पण ती तेथेच राहिली, आणि अल्झायमर दुरून तिची चौकशी करीत राहिला. शेवटी ती अंथरुणाला खिळली, गुडघे पोटाशी ओढून पडून राहू लागली, पाठीला जखमा झाल्या. ८ एप्रिल १९०६ रोजी ती निवर्तली. तिचे कागद आणि मेंदू सिओलीने म्युनिकला पाठवले.

मेंदू एकंदरीने आक्रसलेला होता. पातळ काप काढून, त्या वेळी नव्यानेच निघालेल्या बिल्शोवस्कीच्या चांदीच्या द्रावणाने रंगवून अल्झायमरने पाहिले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर जागोजागी कसल्याशा पदार्थाचे गोळे साचले होते. आणि पेशींच्या आत तंतूंचे जाड, पीळ पडलेले गुंते होते; कित्येक ठिकाणी पेशी मरून नुसता गुंताच उरला होता. ५५ वर्षांच्या बाईच्या मेंदूत असे कोणी पाहिले नव्हते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे नैऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्याने हे मांडले. जेथे तो शिकला तेच हे गाव. अध्यक्षस्थानी होते आल्फ्रेड होखे. व्याख्यान संपले. अध्यक्षांनी प्रश्न आहेत का म्हणून विचारले. एकही हात वर झाला नाही. अल्झायमर खाली बसला आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. मैफलीत उत्तम चीज मांडावी आणि समेवर एकही मान हलू नये, तसे झाले. १९०७ मध्ये त्याचा लेख छापून आला तो दोनच पानांच्या आसपास.

रोगाला त्याचे नाव मिळाले ते क्रेपेलिनमुळे. १९१० साली आपल्या जाडजूड ग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत क्रेपेलिनने या विकाराला अल्झायमरचा रोग म्हटले. हाताशी तेव्हा जेमतेम चार-पाच रोगी होते, एवढ्यावर नाव देण्याची घाई का केली, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. प्राग येथे ऑस्कर फिशर नावाचा विद्वान १९०७ मध्येच म्हाताऱ्या रोग्यांच्या मेंदूतल्या त्याच गोळ्यांचे वर्णन बारा रोग्यांवरून करीत होता. म्युनिकच्या प्रयोगशाळेचे नाव प्रागच्या पुढे राहावे असा हेतू असावा असे काहींना वाटते. त्यात तथ्य असावे असे माझेही मत आहे. फिशर ज्यू होता. १९४२ मध्ये नाझींच्या तेरेझिनच्या छळछावणीत तो मेला आणि त्याचे नावही अनेक वर्षे पुसले गेले. अल्झायमरने स्वतः हा निराळा रोग आहे असा दावा कधी आग्रहाने केला नाही. १९११ च्या लेखात, म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाचेच हे लवकर आलेले रूप असेल, अशी शंका त्याने मोकळेपणी मांडली. आपल्या नावाचा रोग आपणच संशयाने पाहणारा माणूस विरळा.

१९१२ साली ब्रेस्लाउ विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ झाले आहे. नव्या जागी जाताना आगगाडीतच तो आजारी पडला. घशाच्या दुखण्याने सुरुवात झाली, मग सांधे, मूत्रपिंड आणि हृदय यांना विकार जडला, आणि त्यातून तो पुरता उठलाच नाही. महायुद्ध सुरू झाले. आजारी अंगाने इस्पितळ चालवीत १९ डिसेंबर १९१५ रोजी त्याने देह ठेवला. वय अवघे ५१. ऑगुस्टे इस्पितळात आली तेव्हा तिचे वय तेवढेच होते. फ्रँकफुर्टच्या दफनभूमीत सेसिलीच्या शेजारी त्याला पुरले.

नंतरची पन्नास-साठ वर्षे हे नाव फक्त पन्नाशी-साठीच्या आत येणाऱ्या दुर्मिळ विकारापुरते राहिले. म्हातारपणी होणारा भ्रंश हा वयाचाच भाग समजला गेला; आपल्याकडे तर साठी बुद्धी नाठी म्हणून तो म्हणीतच बसवून टाकला होता, आणि त्याच्या जोडीला म्हातारचळ हा निर्दय शब्द होताच. १९६८ मध्ये इंग्लंडमधील ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंत तेच गोळे मोजून दाखवले. १९७६ मध्ये अमेरिकेचा रॉबर्ट कॅट्झमन याने स्पष्ट मांडले, की तरुण वयातला आणि म्हातारपणचा रोग एकच आहे. अल्झायमरची शंका खरी ठरली. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी गोळ्यांतला पदार्थ वेगळा केला, त्याला बीटा अमायलॉइड म्हणतात. गुंत्यांमधला पदार्थ म्हणजे टाऊ नावाचे प्रथिन हे त्यानंतर लवकरच कळले.

परंतु या खुणा मेल्यावरच दिसत. जिवंत माणसाच्या मेंदूतील अमायलॉइड पिट्सबर्ग विद्यापीठात बनवलेल्या एका किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने स्वीडनमध्ये २००२ साली प्रथम पाहता आले. पुढे पाठीच्या कण्यातील पाण्यात आणि शेवटी रक्तातही या पदार्थांचे प्रमाण मोजता येऊ लागले. टाऊच्या एका विशिष्ट रूपावर आधारलेल्या रक्ततपासणीला अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने मे २०२५ मध्ये प्रथम मान्यता दिली. आता अशा खुणा हाती आल्यावर एक प्रश्न नव्याने विचारता आला, आणि तोच काकांचा प्रश्न होता: संशय, चिडचीड, खिन्नता, उदासपणा ही विस्मरणाच्या आधी येतात ती योगायोगाने, की त्याच रोगाची म्हणून?

उत्तराचा एक धागा पुन्हा फ्रँकफुर्टलाच सापडला. तेथील विद्यापीठात हाइको ब्राक आणि एवा ब्राक या दांपत्याने ८३ मेंदू तपासून हे गुंते कोणत्या क्रमाने पसरतात ते १९९१ मध्ये दाखवले होते. २०११ मध्ये ब्राक यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले, की टाऊचा बिघाड पुष्कळदा मेंदूच्या देठातील एका चिमुकल्या निळसर पुंजक्यात फार आधी सुरू होतो, कित्येकदा तरुणपणीच. हा पुंजका झोप, सावधपणा आणि भीती यांचा ताल राखतो. स्मरणाच्या जागेवर आच येण्याआधी या ठिकाणी ठिणगी पडत असेल, तर माणूस विसरण्याआधी अस्वस्थ का होतो हे समजण्यासारखे आहे. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी यासाठी कसोटीही ठरवली: पन्नाशीनंतर प्रथमच आलेला, सहा महिने तरी टिकलेला, आधीच्या स्वभावाशी न जुळणारा बदल दिसला तर तो पुढच्या भ्रंशाची वर्दी असू शकतो. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी, वरकरणी निरोगी असलेल्या वृद्धांना काही वर्षे पाहून, ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड अधिक त्यांची चिंता वर्षागणिक अधिक वाढत गेली असे नोंदवले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून घरोघरी आजी-आजोबांची उलटतपासणी सुरू होईल. हे सारे सरासरीचे हिशेब आहेत. प्रत्येक खिन्न म्हातारा या रोगाचा नव्हे. जोडीदार गेला, थायरॉइड मंदावले, ब जीवनसत्त्वाचा बारावा प्रकार कमी पडला, ऐकू येईनासे झाले, एखादे औषध मानवले नाही, तरीही माणूस चिडतो आणि कुढतो, आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. उलट, मेंदूत अमायलॉइड असूनही अखेरपर्यंत शहाणे राहिलेले वृद्ध पुष्कळ आहेत. खूण आणि रोग यांत अंतर असते. ते वैद्यानेच मोजावे, सुनेने मोजू नये, आणि जावेने तर नाहीच नाही.

आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या माणसांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. सौसर-पांढुर्ण्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको. बाई, आणि तीही खेड्यातली, चिडू लागली तर तिच्या मेंदूचा विचार सर्वांत शेवटी होतो.

राहता राहिली ऑगुस्टेच्या कागदांची हकीकत. वेड्यांचा तो वाडा पुढे पाडला गेला आणि त्या जागी आज विद्यापीठ आहे. कागद हरवले असेच सर्वांनी धरले होते. डिसेंबर १९९५ मध्ये कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फ्रँकफुर्टच्या इस्पितळाच्या दप्तरखान्यात निळ्या पुठ्ठ्याचे एक फाइल सापडले. आत ३२ पाने होती: अल्झायमरच्या हातची बारीक जुन्या वळणाची नोंद, ऑगुस्टेने लिहावयास घेऊन अर्धवट सोडलेले स्वतःचे नाव, आणि तिचे छायाचित्र, ज्यात ती गुडघे वर घेऊन, हातांची बोटे गुंफून, कपाळाला खोल आठ्या घालून बसली आहे. काही काळाने म्युनिकमध्ये तिच्या मेंदूच्या कापांच्या काचाही सापडल्या. नव्वद वर्षांपूर्वी अल्झायमरने जे पाहिले होते, ते गोळे आणि ते गुंते, त्या काचांवर तसेच्या तसे दिसले आणि १९९८ मध्ये ते जाहीर झाले. त्याच डिसेंबर १९९५ मध्ये मार्क्टब्राइटमधील त्याच्या जन्मघराचे स्मारकही उघडले.

हे सारे मी दिवाळीत सौसरला काकांना सांगितले. मावशी तेव्हा देवघरापाशी बसून आरतीची चाल गुणगुणत होती. शब्द बरेचसे गेले होते, पण चाल कोठे ढळत नव्हती आणि टाळी चुकत नव्हती. काकांनी सगळे ऐकून घेतले. अल्झायमरविषयी त्यांनी काही विचारले नाही. तो रेल्वेतला कारकून, त्याची बायको इस्पितळात एकंदर किती दिवस होती, एवढेच विचारले. चार वर्षे आणि साडेचार महिने, मी म्हणालो. त्यांनी बोटांच्या पेरांवर काही मोजले. मग काठी उचलून ते मागच्या दाराने अंगणात गेले आणि थोड्या वेळाने पुढच्या दाराने, बाजारातून आल्यासारखे, घरात आले. मावशीने वर पाहिले आणि पाय धुवायला पाणी काढले आहे म्हणून सांगितले.